ठिणगीची पारख

चातुर्मासाच्या दिवसांत लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणारा रस्ता पाहावा. नौदलाच्या आय. एन. एस. शिवाजी या संस्थेजवळून पुढे गेले की धुके दाटू लागते, दहा हातांवरचे दिसत नाही, आणि नागफणीच्या कड्याकडून येणारा वारा पावसाचे सपकारे तोंडावर मारतो. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या परिसरात रस्ता, घराचे छप्पर आणि वाहन या तिन्ही गोष्टींची दरवर्षी परीक्षा होते. अशा वेळी चढावर मोटारसायकल दोन-तीन झटके देऊन बंद पडली, मागच्या आसनावर घरातील वडीलधारे माणूस बसलेले असले आणि मागून एखादी पर्यटकांची मोटार धुक्यातून येत असली, तर त्या क्षणाचे गांभीर्य कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही. गाडी कडेला घेऊन तपासणी केली असता पुष्कळदा दोष निघतो तो बोटभर लांबीच्या एका वस्तूत. ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग.

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या बाजारपेठांतील व्यापारी कुटुंबांना मोटारसायकल हौसेपेक्षा गरजेसाठी लागते. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मालाची चौकशी, दुपारी गावोगावची वसुली, सायंकाळी एखाद्या गिऱ्हाइकाकडे राहिलेला नग पोहोचविणे, अशी तिची दिवसभर ये-जा असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे खोपोलीकडे उतरायचे किंवा तिकडून वर यायचे, तर जुन्या बोरघाटाच्या रस्त्यानेच जावे लागते. सुमारे साडेपाचशे मीटरची ती चढण इंजिनाला विश्रांती देत नाही. घरातील तरुण मुलगा म्हणतो, ‘आता इरिडियमचा प्लग टाकूया, गाडी पळेलही आणि पुन्हा बघायलाही नको.’ वडील म्हणतात, ‘साध्या प्लगवर पंधरा वर्षे काढली, त्याला काय झाले?’ या संवादात दोघांचेही थोडे खरे आहे आणि दोघांचेही थोडे अपुरे आहे. ते नेमके कोठे, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

प्लगचे काम थोडक्यात असे. पेट्रोल आणि हवा यांचे दाबलेले मिश्रण योग्य क्षणी पेटवायचे असते. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचा होतो आणि प्लगच्या दोन टोकांमधील बारीक फटीतून उडी घेतो. ही फट साधारणतः ०.७ ते ०.९ मिलिमीटरची असते. त्या उडीची ठिणगी मिश्रण पेटविते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी कामी येते. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे असे धरले, तर एका किलोमीटरमागे सुमारे ३,००० ठिणग्या होतात. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात ही संख्या तीन कोटींवर जाते. प्रत्येक ठिणगी धातूचा अत्यंत सूक्ष्म कण आपल्याबरोबर घेऊन जाते. अशा रीतीने टोके झिजतात, फट रुंदावते, ती ओलांडण्यासाठी अधिक दाब लागतो, कॉइलवर ताण येतो आणि शेवटी एखादी ठिणगी पडतच नाही. यालाच गॅरेजात ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

टिकाऊपणाचा प्रश्न म्हणजे मुख्यतः या झिजेचा प्रश्न. साध्या प्लगची टोके निकेलच्या मिश्रधातूची असतात. बाजारात त्याला ‘कॉपर प्लग’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु तांबे असते ते आतल्या गाभ्यात, उष्णता लवकर वाहून नेण्यासाठी. ठिणगी झेलणारा पृष्ठभाग निकेलचाच. निकेल १,४५५ अंश सेल्सियसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना, तर इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना. इरिडियम इतके कठीण आणि झीज सोसणारे आहे की त्याचे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते. साध्या प्लगचे मधले टोक अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड असते. इरिडियमच्या प्लगमध्ये ते ०.६ आणि काही बनावटींत ०.४ मिलिमीटरपर्यंत बारीक असते. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबातही सुटते आणि नुकत्याच पेटलेल्या ज्योतीची उष्णता टोकाच्या धातूत कमी शोषली जाते. म्हणून थंड सकाळी गाडी लवकर सुरू होणे, कमी वेगावर इंजिन एकसारखे चालणे, हे फायदे खरे आहेत. या धातूचा मोठा हिस्सा दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींतून जोड-उत्पादन म्हणून मिळतो. माल दुर्मीळ, म्हणून भाव चढा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे एक गोष्ट मात्र बारकाईने पाहावी लागते. खोक्यावर ‘इरिडियम’ हा शब्द असला म्हणजे तो प्लग दीर्घायुषी असतोच, असे नाही. या मालात दोन जाती आहेत. एका जातीत केवळ मधले टोक इरिडियमचे असते आणि बाजूचे वाकलेले टोक निकेलचेच, बहुधा निमुळते केलेले असते. हा प्लग चांगल्या पेटीसाठी, म्हणजे कामगिरीसाठी घडविलेला आहे. परंतु त्याचे निकेलचे टोक झिजत राहते आणि आयुष्याची मर्यादा तेच ठरविते. दुसऱ्या जातीत बाजूच्या टोकावरही प्लॅटिनमची किंवा तत्सम मौल्यवान धातूची लहानशी टिकली जोडलेली असते. दोन्ही बाजू सारख्याच टिकाऊ असल्यामुळे हा प्लग खऱ्या अर्थाने लांब पल्ल्याचा. मुलाला जी वस्तू हवी आहे ती ‘पळणारी’ आहे की ‘टिकणारी’, हे त्याने प्रथम स्वतःशी ठरविले पाहिजे. दुकानदारालाही खोके पुढे करण्यापूर्वी तेच विचारता आले पाहिजे. बाजूला तीन-चार टोके असलेले प्लगही बाजारात दिसतात. त्यांत ठिणगी एका वेळी एकाच टोकाकडे जाते. टोके अधिक म्हणून ठिणग्या अधिक, ही समजूत चुकीची आहे.

‘गाडी पळेल’ या अपेक्षेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कंपनीतून आलेल्या आणि सुस्थितीत असलेल्या इंजिनाची ताकद प्लग बदलल्याने लक्षणीय वाढत नाही. झिजलेला जुना प्लग काढून नवा टाकला की गाडी हलकी वाटते. पण तो अनुभव नवेपणाचा असतो, धातूचा नव्हे. नवा साधा प्लग टाकला असता तरी बहुतांशी तोच अनुभव आला असता.

धातूपेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे प्लगचा उष्णता-क्रमांक. प्लगचे आतले टोक सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावे, अशी अपेक्षा असते. त्याहून थंड राहिले तर काजळी जळून जात नाही आणि प्लग काळा पडतो. त्याहून फार तापले तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला इजा होते. जो प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतो तो ‘थंड’, जो धरून ठेवतो तो ‘गरम’. दोन्ही चांगले, पण प्रत्येक आपल्या इंजिनासाठी.

कुरवंड्याचा इतिहास या संदर्भात सहज आठवतो. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्ताखानाने पाठविलेला कारतलबखान मोठे सैन्य आणि अवजड सरंजाम घेऊन याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला आणि खाली उंबरखिंडीच्या चिंचोळ्या वाटेत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला कोंडीत पकडले. खानाचे सैन्य दुबळे नव्हते. ते मैदानासाठी सजविलेले होते आणि वाट घाटाची होती. शर्यतीच्या इंजिनासाठी घडविलेला महागडा ‘थंड’ प्लग बाजारात जाऊन-येऊन करणाऱ्या लहान मोटारसायकलीत बसविला, तर त्याचीही गत तशीच होते. तो तापत नाही, काजळी जाळत नाही आणि साध्या प्लगपेक्षा लवकर दगा देतो.

या क्रमांकांच्या बाबतीत खरेदीदाराची हमखास फसगत होते, कारण सर्व कंपन्यांची पद्धत एक नाही. एन. जी. के. आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर नेमके उलट; आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. तेव्हा एका कंपनीचा ‘८’ दुसऱ्या कंपनीच्या ‘८’च्या जागी बसेल, असे कदापि गृहीत धरू नये. कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचे नाव शोधावे.

प्लगवरील अक्षरेही निरर्थक नसतात. उदाहरणार्थ, एन. जी. के.चा ‘सी. पी. आर. ८ ई. ए. – ९’ हा प्लग घेऊ. त्यातील ‘सी’ म्हणजे आट्यांचा व्यास १० मिलिमीटर. ‘पी’ म्हणजे आतले सिरॅमिक थोडे पुढे आलेले. ‘आर’ म्हणजे आत रोधक बसविलेला. ‘८’ हा उष्णता-क्रमांक. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. आणि शेवटचा ‘९’ म्हणजे फट ०.९ मिलिमीटर. आट्यांची लांबी चुकली तर होणारे नुकसान मोठे असते. प्लग लांब पडला तर पिस्टन त्यावर आदळण्याचा धोका. आखूड पडला तर मोकळ्या आट्यांत काजळी साचते आणि पुढे योग्य प्लगही नीट बसत नाही. ‘आर’ या अक्षराकडेही दुर्लक्ष करू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ मानकानंतरच्या गाड्यांत पेट्रोलचे माप संगणकीय यंत्रणा ठरविते. रोधक नसलेल्या प्लगमुळे निर्माण होणारा विद्युत अडथळा त्या यंत्रणेला गोंधळात टाकू शकतो. माहितीपुस्तिकेत ‘आर’ असेल, तर नव्या प्लगवरही ‘आर’ हवाच.

जुन्या पिढीला ‘मायको’चा प्लग आठवत असेल. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते संक्षिप्त नाव. २००८ मध्ये ती कंपनी बॉश लिमिटेड झाली. त्या काळच्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळत असे. प्लग वारंवार तेलकट आणि काळा होई. खिशात एक जादा प्लग आणि डिकीत प्लग-पाना ठेवल्याशिवाय माणूस घाटात निघत नसे. कडेला थांबून प्लग काढावा, काचकागदाने घासावा, फुंकर मारावी आणि पुन्हा बसवावा, ही कृती घरोघरी ठाऊक होती. आजच्या चार स्ट्रोकच्या गाड्यांत तो प्रसंग क्वचितच येतो. परंतु हातची ती जुनी सवय इरिडियमच्या प्लगवर चालवू नये. काचकागद, तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा यांनी त्याचे नाजूक टोक आणि सिरॅमिक खराब होते. फट कमी-जास्त करण्यासाठी मधल्या टोकावर जोर दिला, तर ते तुटते. असा प्लग फट तपासून घ्यावा आणि ती चुकीची आढळल्यास शक्यतो बदलून मागावा.

पुण्याच्या पंचक्रोशीत तयार झालेल्या एका गाडीचे उदाहरण येथे विशेष बोधप्रद आहे. बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर बाजारात आणली आणि २००३ मध्ये तिच्यात डी. टी. एस.-आय. ही रचना दिली. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, हे तिचे वैशिष्ट्य. ज्योत दोन बाजूंनी सुरू झाल्यामुळे मिश्रण लवकर आणि अधिक पूर्णपणे जळते. २०१२ च्या पल्सर २०० एन. एस. मध्ये तर एका सिलिंडरला तीन प्लग आले. मावळच्या रस्त्यांवर या गाड्या आजही मोठ्या संख्येने धावतात. अशा गाडीचा एक प्लग निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी चालू राहते, आणि तिथेच फसगत होते. मालकाला वाटते, इंजिन थकले. पिकअप गेला, ॲव्हरेज उतरले. वास्तविक दोनपैकी एक भागीदार केव्हाच कामावर येईनासा झालेला असतो आणि दुसरा एकटा पेढी चालवीत असतो. अशा गाडीचे प्लग एकाच वेळी, एकाच जातीचे आणि पुस्तिकेत जेथे जो क्रमांक दिला असेल तोच, असे बदलावेत. एकीकडे जुना निकेलचा आणि दुसरीकडे नवा इरिडियमचा, अशी जोडी जमवू नये.

प्लग बदलण्यापूर्वी जुना प्लग वाचावा. रोजमेळ पाहून दुकानाची स्थिती कळते, तशी प्लगच्या टोकावरून इंजिनाची कळते. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर सर्व ठीक आहे असे समजावे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल अधिक येत आहे किंवा हवा कमी मिळत आहे. एअर फिल्टर तुंबला असेल, चोक अडकला असेल, अथवा गाडी रोज केवळ एक-दोन किलोमीटर चालून थंडच राहत असेल. काळेपणा ओला आणि तेलकट असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील यांतून तेल वर येत आहे. टोक पांढरेफटक, त्यावर फोड किंवा वितळल्याच्या खुणा असतील, तर इंजिन अति तापत आहे. मिश्रण दुबळे आहे किंवा चुकीचा गरम प्लग बसला आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत त्यामुळे मिश्रण किंचित दुबळे होते, हेही वाचताना ध्यानी ठेवावे.

या वाचनाचे महत्त्व असे की, तेल जाळणाऱ्या इंजिनात सर्वांत महाग प्लग घातला तरी तोही काही आठवड्यांत तितकाच तेलकट होतो. बुडीत खात्यावर नवे भांडवल टाकण्यासारखेच ते आहे. अशा गाडीला प्रथम इंजिनाचे काम करून घ्यावे. तोवर साधा प्लग पुरेसा आहे.

कुरवंड्याच्या पावसाकडे पुन्हा वळू. ओल्या दिवसांत गाडी झटके देऊ लागली की दोष प्लगवर टाकला जातो. पण अनेकदा खरा दोषी प्लगची रबरी कॅप किंवा कॉइलपासून येणारी जाड तार असते. कॅपला सूक्ष्म तडा गेला की दमट हवेत वीज फटीतून उडी घेण्याऐवजी बाहेरूनच इंजिनाच्या धातूवर उतरते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून दुरून पाहिले, तर अशी गळती निळसर ठिणगीच्या रूपाने कधी कधी दिसते. मात्र त्या वेळी कॅपला हात लावू नये, झटका जोराचा बसतो. काही इंजिनांत प्लग खोलगट जागी असतो आणि तेथे साचलेले पाणी जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले की प्लग पाण्यात उभा राहतो. पावसाळ्यापूर्वी हे छिद्र मोकळे करणे आणि कॅप तपासणे, ही दोन कामे नव्या इरिडियमपेक्षा अधिक उपयोगी पडतात. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट प्लगवर मारू नये, हेही त्याच अनुषंगाने.

बसविण्याची रीतही आयुष्य ठरविते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढावा. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ हवेने उडवावी, अन्यथा ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवावा. आटे सरळ लागले तर तो सहज फिरतो. हाताने पूर्ण बसल्यावर, वॉशर नवा असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरेसा होतो. त्यापलीकडे खोक्यावरील सूचना पाहावी. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे असते. जोर अधिक झाला की त्याचे आटे निघतात आणि काही मिनिटांच्या कामाची हजारोंची दुरुस्ती होते. प्लग सैल राहिला तरी वाईटच, कारण त्याची उष्णता आट्यांतून बाहेर जाऊ शकत नाही आणि तो भलताच तापतो.

आता खर्चाचा हिशेब. समजा, साधा प्लग १२० रुपयांना मिळतो आणि दर १०,००० किलोमीटरला बदलावा लागतो. समजा, दोन्ही टोकांवर मौल्यवान धातू असलेला प्लग ६०० रुपयांना मिळतो आणि ३०,००० किलोमीटर चालतो. बदलण्याची मजुरी दर वेळी ५० रुपये धरू. तीस हजार किलोमीटरमध्ये साधे तीन प्लग मजुरीसह ५१० रुपयांना पडतात. महागडा एक प्लग ६५० रुपयांना. फरक १४० रुपयांचा. दिवसाला २५ किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालविणाऱ्या माणसाला हे अंतर कापण्यास चार वर्षे लागतील. म्हणजे हा फरक महिन्याला तीन रुपयांचाही नाही. आकडे ज्याने त्याने आपल्या बाजारभावाने बदलून पाहावेत. निष्कर्षाची दिशा फारशी बदलणार नाही. टिकाऊ प्लगने पैसा वाचतो हे म्हणणे जसे खरे नाही, तसे तो उधळपट्टी आहे हेही खरे नाही. मिळते ती निर्वेधता. प्लगची फट वर्षानुवर्षे जवळपास तेवढीच राहते, शेवटच्या हजार किलोमीटरमध्ये येणारी कुरकुर टळते आणि आटे वारंवार उघडावे लागत नाहीत.

उलट, निवडलेला प्लग एकाच टोकावर इरिडियम असलेला निघाला आणि पंधरा हजार किलोमीटरमध्येच थकला, तर तोच हिशेब पूर्ण उलटतो. तीस हजारांत तसे दोन लागतील आणि खर्च १,३०० रुपयांवर जाईल. खोक्यावरील एका शब्दाने केवढा फरक पडतो, ते येथे दिसते.

याच कारणाने माल अस्सल असणे अत्यावश्यक ठरते. किंमत मोठी, वस्तू लहान आणि खरेपणा डोळ्यांना न दिसणारा. अशा मालात नक्कल शिरण्यास वाव असतो. नकली प्लगवर इरिडियमच्या जागी साधीच बारीक तार असू शकते. छपाई पुसट, अक्षरे वेडीवाकडी, आटे खडबडीत, मधले टोक बाजूच्या टोकाच्या समोर नेमके न आलेले, वॉशर हाताने सहज निघणारा, ही संशयाची लक्षणे. सर्वांत मोठे लक्षण म्हणजे घाऊक भावालाही न परवडणारी स्वस्ताई. ज्या वाचकांची स्वतःची सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यांच्यासाठी ही बाब केवळ खरेदीची राहत नाही. ट्रेड मार्क अधिनियम, १९९९ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि तसा माल विकणे, दोन्ही शिक्षापात्र आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि सोबत दंडाची आहे. माल अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलावर घेतला असेल, तर दुकानदाराला आपला प्रामाणिकपणा दाखविता येतो. गिऱ्हाइकानेही पक्के बिल मागावे आणि प्लगचे खोके काही दिवस जपून ठेवावे.

कायद्याच्या पलीकडचा विचारही आहे. दुकानातून गेलेला प्लग कोठे बसणार, हे विकणाऱ्याला दिसत नाही. तो कदाचित त्याच संध्याकाळी एखाद्या दूध घालणाऱ्याच्या गाडीत बसून पहाटेच्या अंधारात घाट चढेल. साठ-सत्तर रुपयांच्या जादा नफ्यासाठी त्या माणसाला चढावर अडकविणे, हा सौदा कोणत्याही पेढीला शोभणारा नाही.

तर मग वडील आणि मुलगा यांच्या संवादाचा निकाल काय? गाडीला वय झाले असेल, ती तेल खात असेल किंवा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांपुरतीच वापरली जात असेल, तर वडिलांचे म्हणणे मान्य करावे: पुस्तिकेत सांगितलेला साधा प्लग, वेळेवर बदललेला. बहुतेक पुस्तिकांत ही वेळ आठ ते बारा हजार किलोमीटरच्या दरम्यान असते. गाडी सुस्थितीत असेल, रोज लांबचा पल्ला असेल, घाट नेहमीचा असेल, तर मुलाचे ऐकण्यास हरकत नाही; मात्र प्लग दोन्ही टोकांवर मौल्यवान धातूचा असावा आणि त्याचा उष्णता-क्रमांक, आट्यांचा व्यास, लांबी, रोधक आणि फट ही सर्व पुस्तिकेशी तंतोतंत जुळावी. कंपनीनेच गाडीत इरिडियमचा प्लग दिला असेल, तर पैसे वाचविण्यासाठी साधा घालू नये. त्या इंजिनाची देखभालीची वेळापत्रके त्याच धातूला धरून आखलेली असतात.

दोघांनी मिळून एक काम आजच करावे. गाडीची माहितीपुस्तिका शोधून प्लगचा क्रमांक दुकानाच्या वहीत लिहून ठेवावा आणि त्याच्यापुढे प्लग बदलल्याची तारीख व त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढच्या पावसाळ्यात नागफणीचा कडा धुक्यात दिसेनासा होईल, तेव्हा कुरवंड्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती एक ओळ पाहिली तरी पुरे.